आंबट पदार्थ टिकतात कसे?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी वेतनकरारावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे आणि त्यावर मला रात्रभर बोलता येईल. परंतु उन्हाळा लागला आहे, घरोघरी सरबतांच्या बाटल्या भरल्या जात आहेत, बाजारातूनही येत आहेत. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक नाव छापलेले असते, 'सोडियम बेंझोएट', किंवा नुसता 211 हा आकडा. ते काय आहे, काय करते आणि कोठे काहीच करीत नाही, एवढेच आज सांगावे असे मी ठरविले.

माझा या विषयावर अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे शिक्षण रात्रशाळेतले, दहावीपर्यंतचे. कॉलेजची पायरी मी चढलो ती निवेदन द्यायला. जे थोडेफार रसायनशास्त्र मला येते ते एका खातेनिहाय चौकशीच्या पायी आले. म्हणून त्या चौकशीपासूनच आरंभ करतो.

1998 सालची गोष्ट. ठाणे जिल्ह्यात एक लहानसा कारखाना होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे टोमॅटो सॉस आणि मिरची सॉस तयार होई आणि पाच-पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमधून हातगाड्यांना, लहान हॉटेलांना जाई. त्या वर्षी मे महिन्यात टोमॅटो सॉसचे कॅन परत येऊ लागले. कॅन पोट फुगल्यासारखे दिसत. झाकण फिरविले की फस्स करून वारा सुटे आणि ताडीसारखा वास येई. कारखान्याच्या मालकांनी एका दिवसात निकाल लावला : पावडर घातलेली नाही. 'पावडर' म्हणजे हेच सोडियम बेंझोएट. ते तोलून घाण्यात घालण्याचे काम एका जुन्या कामगाराकडे होते. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत, आपणही तेच म्हणू. मामांना आरोपपत्र मिळाले. कामात हयगय हा एक आरोप. पावडर बाहेर नेऊन विकली हा दुसरा. त्याच दिवशी निलंबन.

मामा संध्याकाळी युनियनच्या खोलीवर आले. वयाने माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी वडील. खुर्चीवर न बसता दाराशीच उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, सतरा वर्षं ती पावडर मी या हातानं तोलतोय. त्या दिवशीही तोलली, त्या दिवशीही घातली. मग सॉस नासला कसा, ते तू सांग." मला सांगता आले नाही. हयगयीचा आरोप कसा खोडावा हे मला ठाऊक होते, परंतु चोरीच्या आरोपापुढे साक्षीदार उपयोगी पडत नाहीत. कारण पावडर घातली असती तर माल नासला नसता, हा मालकांचा मुद्दा बिनतोड वाटत होता. तो मला स्वतःलाही तसाच वाटला, हे आज कबूल करतो.

तेव्हा मी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसलो. समजले नाही ते आमच्या रात्रशाळेत रसायन शिकविणाऱ्या, निवृत्त झालेल्या सरांना जाऊन विचारले. त्यांनी पहिला प्रश्न मलाच घातला : "नासणे म्हणजे काय रे?"

अन्न नासते म्हणजे त्यावर दुसरे कोणी जेवू लागते. जेवणारे तीन जातींचे : जीवाणू, बुरशी आणि यीस्ट, म्हणजे किण्व. डोसा आंबतो, ताडी फसफसते, पाव फुगतो, ती या प्रकारच्या किण्वांची आणि जीवाणूंची कामे. आपल्याला हवे तेथे आपण त्याला आंबवणे म्हणतो, नको तेथे नासणे म्हणतो. आता आंबट पदार्थाची खुबी अशी की, बहुतेक जीवाणूंना आंबटपणा सोसत नाही. आंबटपणा मोजण्याचे माप म्हणजे पीएच. शुद्ध पाण्याचा पीएच 7. त्याखाली जसजसे जावे तसतसा आंबटपणा वाढतो आणि तो एकेका अंकाला दहापट वाढतो. लिंबाचा रस 2 ते 2.5 च्या आसपास, टोमॅटो 4.3 ते 4.5 च्या आसपास, दूध 6.7 च्या आसपास. अन्न टिकविण्याच्या शास्त्रात 4.6 हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा आहे. त्याखाली बोट्युलिनम हे प्राणघातक विष तयार करणारा जीवाणू वाढू शकत नाही. म्हणून कैरीचे लोणचे, लिंबाचे लोणचे, कोकमाचे आगळ ही आपल्या आजीच्या बरण्यांतून वर्षभर राहत असत. मीठ आणि तेल यांचा हातभार होताच.

पण आंबटाला न भिणारे दोघे उरतात, बुरशी आणि किण्व. किण्वाला तर आंबटगोड रस म्हणजे घरचेच ताट. साखर मोडून तो दारू आणि कर्बवायू तयार करतो. बाटल्यांची बुचे उडतात ती या वायूने, कॅन फुगतात तेही यानेच. तेव्हा आंबट पदार्थांच्या बाबतीत खरा प्रश्न एवढाच : आंबटपणाने जीवाणू तर अडविले, या दोघांना कोण अडविणार? ते काम बेंझोएटकडे असते.

हे बेंझोएट कोठले? नाव परके वाटते, पण त्याचे मूळ आपल्या घरात आहे. तिन्हीसांजेला तान्ह्या बाळाला धुरी देतात, दर्ग्यात निखाऱ्यावर टाकतात, तो ऊद. सुमात्रा आणि सयाम या बाजूंच्या झाडांचा हा वाळलेला चीक. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान, म्हणत. युरोपात जाता जाता 'लुबान'चा 'लु' गळाला आणि मोडतोड होत होत 'बेंझोइन' झाले. हा ऊद हळू तापविला तर त्याच्या वाफेतून पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक जमतात, हे युरोपात सोळाव्या शतकातच ठाऊक झाले होते. तेच बेंझोइक आम्ल. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने 1775 साली चुन्याच्या निवळीच्या साहाय्याने ते ऊदातून वेगळे करण्याची सोपी रीत काढली. पुढे 1875 साली साल्कोव्स्की या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा बुरशीनाशक गुण नोंदविला. नायट्याचे एक जुने मलम अजून औषधाच्या दुकानात मिळते. त्यात सॅलिसिलिक आम्लाबरोबर हेच बेंझोइक आम्ल असते. आमच्या गिरण्यांतल्या दमट खात्यांत काम करणाऱ्यांना त्याचा वास चांगलाच परिचित असे. कातडीवरची बुरशी आणि सरबतावरची बुरशी यांच्यावर औषध एकच, हे मला त्या वेळी कळले आणि गंमत वाटली. आज मात्र कोणी ऊद जाळून बेंझोइक आम्ल काढीत नाही. ते टोल्युइन या खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रवातून कारखान्यांत तयार होते.

आता एक व्यवहाराची अडचण. बेंझोइक आम्ल पाण्यात फार थोडे विरघळते. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 3 ते साडेतीन ग्रॅम. म्हणून त्याचा सोड्याशी संयोग करून क्षार तयार करतात, तो सोडियम बेंझोएट. हा पाण्यात भराभर विरघळतो. एका लिटरमध्ये 500 ग्रॅमहूनही अधिक. परंतु गंमत ऐका. किण्वाला अडविण्याचे काम क्षार करीतच नाही. ते काम आम्ल करते. क्षार हा केवळ आम्लाला पदार्थापर्यंत पोचविणारा हमाल. पदार्थ आंबट असेल तर त्याच्या आंबटपणामुळे क्षाराचे पुन्हा आम्ल होते; पदार्थ आंबट नसेल तर क्षार तसाच फिरत राहतो, आणि किण्वाला त्याची पर्वा नसते.

असे का व्हावे? किण्वाची पेशी म्हणजे एक पिशवी आहे. तिची भिंत स्निग्ध द्रव्याची आहे. आम्लाचा अखंड रेणू विद्युद्भाररहित असतो. तो या स्निग्ध भिंतीतून सहज झिरपतो. पण रेणू फुटून त्याचे दोन विद्युद्भारित भाग झाले, एक आंबटपणाचा कण आणि एक बेंझोएटचा कण, तर त्या भागांना भिंत ओलांडता येत नाही. कारखान्याच्या फाटकावरून मी हे असे समजून घेतले : गणवेशातला माणूस आत जातो, गणवेश काढून हातात घेतलेला बाहेरच अडतो, माणूस तोच असला तरी.

किती रेणू अखंड राहतील आणि किती फुटतील हे सर्वस्वी पदार्थाच्या पीएचवर ठरते. बेंझोइक आम्लाच्या बाबतीत 4.2 हा मधला आकडा आहे. तेथे अर्धे अखंड, अर्धे फुटलेले. पीएच 3.2 असेल तर शेकडा 91 अखंड. पीएच 5.2 झाला तर शेकडा 9 उरतात. 6.2 वर शेकडा एक. पावडर तेवढीच घातलेली, वजनकाटा तोच, घालणारा हात तोच. आणि तिच्यातली कामाची पावडर शंभरातली 91 की 9, हे आंबटपणा ठरवितो. सरांनी हे आकडे माझ्याकडून तीन वेळा काढून घेतले. चौथ्या वेळी मी उठून उभाच राहिलो. मामांच्या प्रश्नाचे उत्तर येथे कोठेतरी आहे असे मला दिसू लागले होते.

पण आधी पेशीच्या आत काय घडते ते पाहू, कारण तो भाग मला सर्वांत मनोवेधक वाटतो. किण्वाच्या पेशीच्या आतले पाणी बाहेरच्या सरबतासारखे आंबट नसते. ते जवळजवळ 7 च्या बाजूला असते. बाहेरून झिरपून आलेला आम्लाचा अखंड रेणू आत पोचला की त्या कमी आंबट पाण्यात लगेच फुटतो. आता त्याचे दोन्ही भाग आत अडकले. बाहेर जायची वाट बंद. बाहेरून मात्र अखंड रेणू येतच राहतात, तेही आत येऊन फुटतात. अशा रीतीने पेशीच्या पोटात बेंझोएट साठत जाते आणि आतला आंबटपणा वाढत जातो. आतले पाणी आंबट झाले तर पेशीचे सारे व्यवहार बिघडतात. म्हणून ती आंबटपणाचे कण बाहेर फेकण्यासाठी पंप चालविते. या पंपाला शक्ती लागते. ती शक्ती साखर मोडून मिळवायची, तर साखर मोडण्याच्या साखळीतल्याच एका महत्त्वाच्या टप्प्यावर बेंझोएटमुळे अडथळा येतो. नोबेल पारितोषिक मिळविणारे हान्स क्रेब्स आणि त्यांचे सहकारी यांनी किण्वावर केलेले या विषयाचे संशोधन 1983 साली, क्रेब्स यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. एका बाजूने खर्च वाढलेला, दुसऱ्या बाजूने कमाई आटलेली. चाळीच्या खोलीत पावसाचे पाणी शिरावे, दिवसभराची मजुरी ते उपसण्यात जावी आणि चूल पेटवायला काही उरू नये, तशी त्या पेशीची स्थिती होते. वाढायला, नवी पेशी जन्माला घालायला तिच्यापाशी काही शिल्लक राहत नाही.

येथे एक बारकावा आहे. वापरतात तेवढ्या प्रमाणात बेंझोएट किण्वाला बहुधा मारून टाकीत नाही. वाढू देत नाही. म्हणून ज्यात किण्व आधीच मातला आहे अशा रसात ते घालून रस सुधारत नाही. थोड्या पेशींना थोपविता येते, झुंडीला नाही. सडलेली फळे, अस्वच्छ टाक्या, न उकळलेल्या बाटल्या यांची भरपाई पावडर करू शकत नाही. शिवाय काही किण्व फार चिवट असतात. झायगोसॅकॅरोमायसीस बेली असे लांबलचक नाव असलेला एक किण्व सरबताच्या कारखानदारांना जगभर हैराण करतो. परवानगीइतक्या बेंझोएटमध्येही तो वाढतो.

आता चौकशीकडे वळू. त्या वेळी 1955 चा फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर लागू होता. (आता त्याची जागा 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी घेतली आहे.) त्या ऑर्डरप्रमाणे टोमॅटो सॉसमध्ये बेंझोइक आम्ल दहा लाख भागांत 750 भागांपर्यंत चाले, सरबताच्या स्क्वॅशमध्ये 600, लोणच्यात 250, तयार पेयात 120. कारखान्याच्या कार्डावर 200 किलोच्या घाण्याला 175 ग्रॅम सोडियम बेंझोएट लिहिलेले होते. क्षारात सोड्याचे वजन असते ते वजा जाता बेंझोइक आम्ल दहा लाखांत सुमारे 740 होते. म्हणजे कायद्यात बसेल असे. मामा 175 ग्रॅम घालीत होते की नव्हते, हाच वाद.

आम्ही दोन मागण्या केल्या. ज्या घाण्यांचे कॅन फुगले, त्यांचे राखून ठेवलेले नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासावेत, त्यात बेंझोइक आम्ल किती आहे ते पाहावे. आणि त्याच वेळी त्यांचा पीएचही मोजावा. पहिली मागणी मालकांनी आनंदाने मान्य केली. दुसरीचे त्यांना कारण कळेना. कळले असते तर मान्य केली नसती असे मला वाटते. पंधरा दिवसांनी अहवाल आला. बेंझोइक आम्ल : दहा लाखांत 730. म्हणजे पावडर पुरेपूर घातलेली होती. पीएच : 4.8.

आदल्या वर्षीच्या चांगल्या मालाचा पीएच कारखान्याच्याच नोंदवहीत 3.8 होता. मी चौकशी अधिकाऱ्यापुढे पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा हिशेब मांडला. 3.8 वर शेकडा 71 ते 72 आम्ल अखंड राहते; म्हणजे 740 पैकी सुमारे 530 कामाला. 4.8 वर शेकडा 20 राहते. म्हणजे जेमतेम 150. पावडर तीच, पण तिच्यातला पाऊण हिश्श्याहूनही अधिक भाग कामाविना बसलेला. शिवाय सॉसमध्ये व्हिनेगर असते. व्हिनेगरचे आम्लही याच नियमाने काम करते आणि पीएच वाढला की त्याचाही जोर असाच ओसरतो. 150 मध्ये किण्व थोपले नाहीत, यात नवल नव्हते.

मग पीएच का वाढला? ते प्रयोगशाळेने सांगितले नाही, पण मामांना ठाऊक होते. त्यांना फक्त त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्या वर्षी टोमॅटोचा भाव चढला होता. मार्चपासून कारखान्यात टोमॅटोच्या क्रेटबरोबर तांबड्या भोपळ्याचे टेम्पो येऊ लागले होते. भोपळा शिजवून, वाटून, रंग घालून सॉसमध्ये मिसळला जात होता. आता, भोपळ्याला आंबटपणा जवळजवळ नाही. त्याचा पीएच 5 च्या आसपास किंवा वर असतो. टोमॅटो कमी केला तेव्हा आंबटपणाही कमी झाला, आणि व्हिनेगर मात्र जुन्याच कार्डाप्रमाणे पडत राहिले. व्हिनेगर वाढविण्याचा विचार कोणी केला नाही. केला असला तर खर्चाकडे पाहून सोडून दिला. आणि 4.8 म्हणजे ती 4.6 ची रेषाही ओलांडलेली होती. कॅन फुगले म्हणून निदान लोकांनी परत तरी केले.

लेबलावर टोमॅटो सॉस आणि आत भोपळा, ही गिऱ्हाइकाची उघड फसवणूक होती, आणि सॉसच्या किमान आम्लतेची जी अट त्या ऑर्डरमध्ये होती तीही मोडली होती. हा मुद्दा मी चौकशीत पुरता रेटला नाही. मामांची नोकरी वाचविण्याच्या बदल्यात तो मी खिशात ठेवला. चूक की बरोबर, हे मला आजही ठरविता येत नाही. त्या सॉसच्या गाड्यांवर माझ्याच वस्तीतली पोरे खात होती. चोरीचा आरोप मागे घेतला गेला. मामा साडेचार महिन्यांनी कामावर परतले. निलंबनाच्या काळाचा पगार अर्धाच मिळाला, कारण 'हयगय' हा शब्द कागदावर तसाच राहू द्यावा, अशी मालकांची अट होती. मामांनी ती मान्य केली. मी कडाकडा भांडलो, पण घर त्यांचे होते.

यावरून असे वाटेल की बेंझोएट ही एक निर्दोष वस्तू असून दोष केवळ भोपळ्याचा. तसेही नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी याच पावडरीवरून मोठा वाद माजला होता. सरकारी रसायनज्ञ हार्वे वायली याने 1902 पासून काही तरुण स्वयंसेवकांना रोज जेवणातून निरनिराळी परिरक्षके खाऊ घालून त्यांच्या प्रकृतीवरचा परिणाम नोंदविला. लोक त्या तरुणांना विषपथक म्हणत. वायलीचे मत बेंझोएटविरुद्ध गेले. मग राष्ट्राध्यक्षांनी इरा रेम्सेन या रसायनज्ञाच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्याने 1909 साली निर्वाळा दिला की अल्प प्रमाणात बेंझोएट अपायकारक नाही. विज्ञानाच्या दृष्टीने मंडळाचे म्हणणे पुढे टिकले. पण वायलीचा आणखी एक मुद्दा होता, तो मला आजही पटतो. बेंझोएट मिळाले की कारखानदार कच्च्या, सडक्या, उरल्यासुरल्या टोमॅटोच्या सालीबियांपासून केचप करू लागतो, कारण ते लगेच नासत नाही. हाइन्झ या कंपनीने त्याच सुमारास, 1906 च्या आसपास, बेंझोएटशिवाय केचप बाजारात आणले. ते कसे टिकविले? पिकलेले चांगले टोमॅटो घेतले, व्हिनेगर वाढविले, साखर वाढविली. म्हणजे आंबटपणा आणि साखर यांच्यावर सारी भिस्त ठेवली. पावडर नको असेल तर तिचा मोबदला चांगल्या मालाने आणि खर्चाने द्यावा लागतो, एवढे त्यातून दिसते.

शरीरात गेलेल्या बेंझोएटचे काय होते? यकृत त्याला ग्लायसीन नावाच्या एका साध्या अमिनो आम्लाशी जोडते आणि तयार झालेले हिप्युरिक आम्ल मूत्रावाटे बाहेर जाते. हे शरीरात साठून राहत नाही. यकृताच्या रोग्याने, तसेच दम्याच्या आणि अंगावर गांधी उठणाऱ्या काही माणसांनी त्याबाबत डॉक्टरांना विचारावे, हे बरे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 साली दिलेली मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 250. दहा लाखांत 120 भाग असलेल्या 200 मिलिलिटर पेयातून 24 मिलिग्रॅम पोटात जाते. मोठ्या माणसाला त्याचे काही नाही. दहा किलोच्या पोराला मात्र दोन बाटल्यांतच मर्यादा जवळजवळ गाठता येते, हे आयांनी ध्यानात ठेवावे.

या हिप्युरिक आम्लाची माझी दुसरी ओळख रंगाच्या आणि छपाईच्या खात्यांत झाली. तेथे टोल्युइनची वाफ कामगारांच्या छातीत जाते. शरीर त्या टोल्युइनचे बेंझोइक आम्ल करते आणि मग त्याचेही हिप्युरिक आम्ल करून बाहेर टाकते. म्हणून पूर्वी कामगाराच्या लघवीतले हिप्युरिक आम्ल मोजून त्याच्या छातीत किती टोल्युइन गेले याचा अंदाज करीत. आता, एखाद्याने दुपारी दोन बाटल्या थंड पेय प्यायले असेल, तर ते बेंझोएटही त्याच आकड्यात येणार! एका कारखान्यात आकडे फार आले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी कँटीनच्या सरबताकडे बोट दाखविले. आम्ही म्हटले, सरबत आठ दिवस बंद करा आणि पुन्हा मोजा. पुन्हा मोजल्यावर आकडा थोडा उतरला, पण फार नाही. पंखे त्यानंतर बसले. अलीकडे या कामासाठी अधिक नेमक्या चाचण्या वापरतात.

बेंझोएटबाबत एक खोड मात्र खरी आहे. क जीवनसत्त्व आणि बेंझोएट एकाच बाटलीत असले, त्यात लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश उतरला आणि बाटली उन्हात तापली, तर त्यातून अत्यल्प बेन्झीन तयार होऊ शकते. बेन्झीन हे कर्करोगकारक आहे. अमेरिकेत 1990 च्या सुमारास हे लक्षात आले आणि 2005-06 मध्ये तेथे पुन्हा पेये तपासली गेली. बहुतेकांत प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली आढळले, थोड्यांत जास्त. त्या कंपन्यांना कृती बदलावी लागली. दुकानाबाहेर भर उन्हात रचलेले पेयांचे क्रेट मी विकत घेत नाही, त्याचे कारण हे.

सभेनंतर बहुधा मला विचारले जाईल : घरच्या सरबतात घालावे का? आठ-पंधरा दिवसांत संपणारे सरबत असेल तर शीतकपाट पुरे, पावडरीची गरज नाही. वर्षभरासाठी लिंबाचे किंवा कैरीचे सरबत करून ठेवायचे असेल आणि घालायचेच असेल, तर एक किलो सरबताला 0.7 ग्रॅम सोडियम बेंझोएट पुरते. हे वजन चमच्याने मोजू नये. चहाचा एक चमचा त्याच्या कितीतरी पट होतो. सोनाराच्या काट्यासारखा लहान काटा असेल तरच हात घालावा. पावडर कोरडी टाकू नये. दाट आंबट पाकात ती एका जागी पडली तर तेथल्या तेथे तिचे आम्ल होऊन बारीक स्फटिक तळाला बसतात आणि बाकीचे सरबत राखणीवाचून राहते. पावडर थोड्या उकळून निववलेल्या पाण्यात विरघळवावी आणि ते पाणी सरबत ढवळत ढवळत बारीक धारेने सोडावे.

आणि उसाच्या रसाला, दुधाला, नीरेला ती घालू नये. उसाच्या ताज्या रसाचा पीएच 5.2 च्या आसपास असतो. तेथे शंभरातली नऊच कामाची. त्यात भरपूर लिंबू पिळले तर गोष्ट वेगळी. दुधात 6.7 वर हजारातले तीन रेणू अखंड राहतात, आणि दुधात ती घालणे बेकायदाही आहे. मागे एका दूधवाल्याने मला सांगितले होते की, तो चिमूटभर टाकतो, पण दूध तरीही फाटते.